शर्यतीत हरलेला नवा प्लेअर

काकूंच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, की रेडिओवाले गाणी रेंगाळत लावतात.

हे कुणी शोधून काढलं, विचारू नका. घरातल्या प्लेअरवर जे गाणं झपाझप चालायचं, तेच रेडिओवर लागलं की पाय ओढत यायचं, हे प्रत्येकानं आपल्या कानांनी ऐकलेलं होतं. काकूंचे मोठे दीर त्याचं कारणही सांगायचे. त्यांना सगळे दादा म्हणतात. घरातले विनोद आणि घरातले निकाल, दोन्ही खाती त्यांच्याकडे. "अरे, त्यांना दिवस ढकलायचा असतो," दादा म्हणायचे. "दहा गाण्यांचा वेळ नऊ गाण्यांत भरून काढतात. ताणतात लेकाचे!" आणि सगळे माना डोलवायचे. अख्ख्या दुनियेचं चुकतंय आणि एकट्या आपल्याच घराचं बरोबर आहे, हे कसं काय बुवा, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. घरच्या माणसांची हीच तर गंमत असते.

त्या प्लेअरची घरात शानच मोठी होती. काकूंचे सासरे लेथवर काम करायचे, टर्नर होते. कुठून तरी एक मोडका प्लेअर त्यांनी घरी आणला. मोटरच्या दांड्यावर एक चिमुकलं चाक असतं, त्यावरून रबरी पट्टा जातो आणि वरची थाळी फिरते. ते चाकच फुटलेलं. बाजारात तसं दुसरं मिळेना. सासऱ्यांनी पितळेचा तुकडा घेतला, लेथवर चढवला आणि नवं चाक करून बसवलं. प्लेअर जो सुरू झाला तो झाला. पुढे सासरे गेले, त्यांचा कारखानाही बंद पडला, पण चाक काही थांबलं नाही. काकूंचे यजमान, म्हणजे काका, ते मऊ फडक्यानं पुसायचे आणि पाहुण्यांना उघडून दाखवायचे. काकांचं स्वतःचं चौकात किल्ल्यांचं दुकान आहे. दिवसभर कानशीनं किल्ल्या घासणाऱ्या माणसाला असल्या कामाची किंमत कळते. बाबांचं चाक म्हणजे त्यांचा जीव की प्राण होता.

आता काकूंविषयी. काकू पडद्यांच्या कारखान्यात काम करतात आणि तिथं खालची दुमड त्यांच्या हातची लागते. तुम्हाला वाटेल, दुमडीत काय मोठंसं! उंच खिडकीचा पडदा सोडा आणि बघा. खालची कड एका कोपऱ्यात लोंबली तर सगळी खोली वाकडी दिसते. काकू कापड आधी टांगून ठेवायला लावतात. आपल्या वजनानं त्याला जेवढं उतरायचंय तेवढं उतरू देतात, मगच सुई लावतात. गिऱ्हाइकं कटकट करतात, मालक घड्याळाकडे बघतो, काकू ऐकत नाहीत. "आज दिला तर महिन्यानं लोंबेल," एवढंच म्हणतात. आणि तेही इतकं हळू म्हणतात, की समोरच्याला कान पुढं करावा लागतो. मशिनींच्या खडखडाटात तर त्यांचं बोलणं ओठांवरूनच ओळखायचं. "काकू, जरा मोठ्यानं!" हे वाक्य त्या कारखान्यात जेवढ्या वेळा बोललं गेलं असेल, तेवढं दुसरं कुठलंच नसेल.

काकू जन्मापासून अशा हळू बोलत नव्हत्या बरं का. लग्नाआधी त्या गायच्या, अगदी मोकळ्या गळ्यानं गायच्या. गाण्याच्या एका स्पर्धेत पहिल्या आल्या, तेव्हा एका छोट्या कंपनीनं त्यांच्या एका गाण्याची तबकडी काढली. होडी वल्हवणाऱ्या माणसाची वाट बघणाऱ्या मुलीचं गाणं. स्टुडिओत गेल्या, गायल्या, "छान झालं, या आता," म्हणून परत पाठवलं. पुढे घरी तबकडी आली, पण माहेरी प्लेअरच नव्हता. शेजारीपाजारीही कुणाकडे नव्हता. तेवढ्यात लग्न ठरलं. सासरी प्लेअर आहे हे कळल्यावर काकूंना कोण आनंद झाला! कपड्यांच्या घड्यांत जपून त्यांनी ती तबकडी सासरी आणली.

सगळं घर जमलं. नव्या सुनेचं गाणं ऐकायचं म्हणून दादांनी खुर्च्या मांडल्या. काकांनी सुई ठेवली. आणि त्या स्पीकरमधून एक चिरका, किरटा, पाठी कुत्रं लागल्यासारखा पळत सुटलेला आवाज बाहेर पडला. मग दादा म्हणाले, "शिट्टी झाली रे! सुटली गाडी!" आणि असा हशा उठला म्हणता! जाऊबाईंना ठसका लागला. काकाही हसले. काकूसुद्धा हसल्या, नव्या घरात दुसरं करणार काय? मग न्हाणीघरात गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या.

त्या दिवसापासून काकूंचं नाव शिट्टी पडलं. पोरं झाली तशी ती शिट्टी काकू म्हणू लागली. त्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. माणसं चांगली होती आणि काकूंवर त्यांचा जीवही होता. पण घरी चार माणसं जमली, चहा झाला, की कुणीतरी म्हणणार, "चला, शिट्टी होऊन जाऊ द्या!" आणि तबकडी लागणार. इतकी वर्षं एकच विनोद, आणि एकदाही तो कुणाला शिळा वाटला नाही. काकूंनी मनाशी हिशोब मांडला होता. स्पर्धेतले परीक्षक लांब बसले होते, त्यांना नीट ऐकू आलं नसणार. माइक तोंडाशी असतो, तो खोटं बोलत नाही. त्यांनी गाणं सोडलं. मग बोलतानाही आपण चिरकतो की काय अशी धास्ती बसली, आणि त्यांनी आवाज उतरवला, तो उतरवतच नेला.

अशा घरात नवा प्लेअर आला. काकूंची लेक दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. बापाला गाण्यांचं वेड, म्हणून तिनं मनावर घेतलं आणि चांगल्यातला चांगला पाठवून दिला. प्लेअर, त्याची आवाज वाढवणारी पेटी आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर. बसवून द्यायला दुकानातला माणूस आला. बूट दाराशी काढून, हात धुऊन, पुसून मगच त्यानं खोका उघडला. काकांना तो तिथंच आवडला. प्लेअरचे पाय फिरवून फिरवून, वर पाणसळ ठेवून, त्यानं तो असा सपाट बसवला की काकूंच्या दुमडीनंसुद्धा मान खाली घालावी. मग खिशातून एक इवलासा वजनकाटा काढला आणि सुई तबकडीवर किती भार टाकते ते मोजलं. "हे आता हलवू नका," म्हणाला. "मी पुढच्या सोमवारी येतोच या भागात. पटला नाही तर परत नेईन, मनात काही ठेवू नका."

काय देखणी चीज होती ती! थाळी इतकी जड, की काकांनी उचलून बघितली आणि "अबब!" म्हणून दोन्ही हातांनी परत ठेवली. फिरायला लागली तर फिरतेय की नाही ते कळेना. आवाज नाही, थरथर नाही. सुईचा दांडा खाली सोडायला एक बारीकशी कळ होती. ती दाबली की दांडा आपण होऊन अलगद उतरायचा, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. काका तर नुसती तीच कळ वर खाली करत बसले. "अगं, बघ तरी! बघ कसा उतरतोय!" काकू बघत होत्या. मोठी माणसं खेळण्याशी खेळताना बघायला कुणाला आवडत नाही?

मग गाणं लागलं आणि काकांचा चेहरा पडला.

"हे रेंगाळतंय," ते म्हणाले.

त्यांनी बटण तपासलं, ते बरोबर जागी होतं. दुसरी तबकडी लावली, तीही रेंगाळली. आवाज भरदार, स्वच्छ, एकेक वाद्य वेगळं दिसावं असं, हे काकांनी मनापासून कबूल केलं. पण चाल? चाल थेट रेडिओसारखी! दादा आले, त्यांनीही ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "रेडिओवाल्यांनीच बनवला असणार हा," म्हणाले. मग त्या दोघा भावांनी जे केलं, ते जगात दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसेल. एका गाण्याच्या दोन तबकड्या दोघांत मिळून होत्या, एक काकांची आणि एक दादांची. एक जुन्यावर चढवली, एक नव्यावर, आणि "एक, दोन, तीन!" करून दोन्हीकडे सुया एकदम सोडल्या. शर्यत! दोन्ही प्लेअर मिळून जो काही कल्लोळ झाला त्यानं शेजारची बाई दारात येऊन डोकावून गेली. अखेर जुन्याचं गाणं संपलं तेव्हा नव्यावर अजून शेवटचं कडवं चाललेलं होतं.

"बाबांचा जिंकला!" काका ओरडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "दादा, बाबांचा जिंकला रे!" दादांनी त्यांच्या पाठीत थाप मारली. एवढ्या भारी मशीनला बापाच्या हातच्या चाकानं हरवलं, यापेक्षा मोठा दिवस काय असणार? काकांनी प्लेअरच्या दुकानात फोन लावला. तो माणूस म्हणाला, मशीनची गती अगदी बरोबर आहे, मी तपासून गेलोय. "त्याला काय, विकायचं असतं," काका फोन ठेवून म्हणाले. ठरलं, सोमवारी परत द्यायचा. रविवारी सगळ्यांना एकदा बोलवू, दाखवू आणि निरोप देऊ.

काकू यात काहीच बोलल्या नाहीत. त्यांना कुणी विचारलंही नाही.

मधल्या एका दिवशी कारखान्याला सुट्टी होती आणि काका दुकानात होते. काकूंनी घर आवरलं, नव्या प्लेअरवरची न बसलेली धूळ पुसली आणि सहज एक तबकडी लावली. आपण ती कळ दाबावी, एवढीच खरं तर हौस. दांडा उतरला. काकू खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या, त्या हळूहळू नीट मागे बसल्या. हे गाणं त्यांनी कितीदा ऐकलं होतं! पण यात मागे कुणीतरी मंद टाळी देतंय हे त्यांना कधीच माहीत नव्हतं. गाणारी बाई एका शब्दावर हसते आहे, हेही माहीत नव्हतं. दोन वाद्यांच्या मधे जी शांतता होती ती इतकी चोख, की खोलीतल्या पडद्याची हालचाल ऐकू यावी. "अगंबाई," काकू स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांनी आपली तबकडी काढली. का काढली? मला विचाराल तर दुखऱ्या दाताला जीभ लागते तशी. एकट्या आहोत, हसायला कुणी नाही, एकदाची ऐकू या, परत हा प्लेअर काही घरात राहायचा नाही.

सुरुवातीचं वाद्य वाजलं आणि एक मुलगी गाऊ लागली. काकूंना वाटलं, चुकून दुसरीच तबकडी लागली. त्या उठून बघून आल्या, तबकडी तीच होती. मुलीचा आवाज खोल होता, गोल होता, जरासा खर्जाकडे झुकलेला, आणि कुठलीही घाई नसलेला. ती होडीची वाट बघत होती आणि खरंच वाट बघत होती. काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मग तो लांब सूर आला. स्टुडिओत वादकांच्या म्होरक्यानं सांगितलं होतं, मी हात खाली करेपर्यंत हा सूर सोडायचा नाही. आणि तो बाबा हात खालीच करेना! काकूंना अजून आठवत होतं, फासळ्या दुखायला लागल्या होत्या, कानात गुंई झालं होतं, आता मरते असं वाटलं होतं. पण सासरच्या प्लेअरवर तो सूर म्हणता म्हणता संपून जायचा. काकू इतकी वर्षं धरून चालल्या होत्या, की घाबरल्यामुळे आपल्याला तो मोठा वाटला असेल. आज तो सूर सुरू झाला आणि संपेचना. काकूंची छाती त्याच्याबरोबर आवळत गेली. ज्या ठिकाणी फासळ्या दुखल्या होत्या, तिथं त्या आत्ता दुखल्या. जिथं आता मरते वाटलं होतं, तिथंच सूर थांबला, आणि स्पीकरमधून स्पष्ट ऐकू आला एक घोट, त्या मुलीनं हपापून घेतलेला श्वास. त्यांच्याच छातीत गेलेला. जुन्या प्लेअरवर तो कधी ऐकूच आला नव्हता.

"हे बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "मी अशीच गायले होते."

त्यांनी तबकडी परत लावली आणि तिच्याबरोबर गाऊन बघितलं. दम पुरला नाही, गळा दोन ठिकाणी फाटला, पण पट्टी जुळली. जुन्या प्लेअरबरोबर गुणगुणायचं म्हटलं तर त्यांना टाचा उंच करूनही तो सूर लागायचा नाही. तेव्हा मग लख्ख उजेड पडला. नवा रेंगाळत नाही. रेडिओसुद्धा रेंगाळत नाही. बाबांचं चाक पळतंय.

काकूंनी तबकडी परत पाकिटात घातली. हे सांगायचं कुणाला? बाबांच्या चाकाला नाव ठेवायचं, तेही त्या दोन भावांसमोर? सासरे काकूंशी प्रेमानं वागले होते. त्या दिवशी खोलीत हसले नव्हते ते एकटेच. काकांना सांगावं म्हणून काकूंनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा काका म्हणाले, "काय म्हणालीस? जरा मोठ्यानं," आणि दोन्ही वेळा त्यांनी "काही नाही" म्हणून विषय सोडला. सोमवार जवळ येत होता. सोमवारी तो माणूस प्लेअर घेऊन जाणार, त्याबरोबर ती मुलगी जाणार, आणि घरात परत शिट्टी उरणार. ते काकूंना सहन होत नव्हतं, आणि बोलायचं धाडसही होत नव्हतं. कारखान्यात त्यांनी त्या आठवड्यात एक दुमड वाकडी घातली. मालक घाबरला, तब्येत बरी आहे ना म्हणून विचारायला आला.

रविवारी घर भरलं. दादा आले, जाऊबाई आल्या, त्यांचा मुलगा सुनेला घेऊन आला. चहा झाला. दादांनी शर्यतीची गोष्ट सगळ्या आवाजांसकट करून दाखवली आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग काकांनी नव्या प्लेअरवर दोन गाणी लावली. "आवाज काय आहे!" सून म्हणाली. "आवाज आहे गं, पाय नाहीत," दादा म्हणाले. "चला, आता निरोपाची शिट्टी होऊन जाऊ द्या!"

काकांनी तबकडी नव्यावरच चढवली. सगळ्यांनी तोंडं हसायला तयार करून ठेवली होती. जाऊबाईंनी तर ठसका लागू नये म्हणून कप आधीच खाली ठेवला. दांडा उतरला. वाद्य वाजलं. मुलगी गाऊ लागली.

हसू त्यांच्या तोंडांवर तसंच राहिलं, पुढं जायला त्याला वाटच मिळेना. सून, जिनं ही तबकडी फारशी ऐकलेली नव्हती, हलकेच म्हणाली, "कोण आहे ही? किती सुंदर गाते." पहिलं कडवं संपलं आणि दादांनी घसा साफ केला.

"पूर्णच बिघडलंय मशीन," ते म्हणाले. "बघ, हिचा आवाजसुद्धा बदलून टाकला. बंद कर रे ते."

काकांनी कळीकडे हात नेला.

"बंद करायचं नाही!"

सगळे दचकले. काही क्षण कुणाला कळेना की बोललं कोण. काकू उभ्या होत्या. आवाज त्यांचा होता आणि तो खोलीच्या चारही भिंतींना जाऊन लागला होता.

"हात काढा तिथून," त्या काकांना म्हणाल्या. "प्लेअर परत जायचा नाही. तो बरोबर आहे."

"अगं, पण शर्यतीत..."

"गाण्याची शर्यत असते का हो? लवकर संपलं म्हणजे जिंकलं? मी जर दुमड भराभर घातली तर मालक मला बक्षीस देईल की हाकलून देईल?" काकूंनी स्पीकरकडे बोट केलं. "मी गायलेय ते. तुमच्यातलं कुणी नव्हतं तिथं, मी होते. आता लांब सूर येईल. ऐका. तो संपला की मी श्वास घेतलाय. त्या प्लेअरवर ऐकलात कधी? घेतलाय मी. जीव जात होता माझा."

लांब सूर आला. तो चालला, चालला, काकूंच्या गळ्याची शीर ताठ झाली, आणि सूर थांबला. त्या शांत खोलीत एका तरुण मुलीनं श्वास घेतला, आणि नेमक्या त्याच वेळी समोर उभ्या असलेल्या काकूंनीही. दोन्ही श्वास एकच होते, ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मग ते जुन्या प्लेअरकडे गेले, वरची थाळी काढली आणि ते पितळी चाक दोन बोटांत धरून बघू लागले. "बाबा म्हणाले होते," ते सावकाश बोलले, आपल्याशीच बोलावं तसं. "मला आत्ता आठवतंय. म्हणाले होते, सूतभर जास्तच ठेवलंय. कमी केव्हाही करता येतं, झालेलं कमी वाढवता येत नाही. झिजून झिजून बसेल मापात." त्यांनी चाकावरून अंगठा फिरवला. "झिजलंच नाही गं ते. मोठंच राहिलं, थाळी पळवत राहिलं, आणि कानस लावायची सोडून मी पुसत बसलो."

"म्हणजे रेडिओवाले..." दादा बोलायला लागले.

"बरोबर होते," काका म्हणाले.

दादा कधी नव्हे ते उठले आणि दाराकडे वळले. लाजले असणार. एवढं वय झालेल्या माणसाला लाजताना बघणं सोपं नसतं. पण काकूंनी त्यांनाही सोडलं नाही.

"भाऊजी, बसा. अजून एक कडवं आहे."

दादा बसले. सगळेच बसून राहिले. शेवटचं कडवं ती मुलगी हळू गाते. होडी आलेली नसते, आणि तिला ते कळलेलं असतं, तरी ती गाणं सोडत नाही. काय गायली होती ती! कुठं ताण नाही, कुठं दिखावा नाही, शब्द ठेवावा तर असा ठेवावा. जाऊबाई डोळे पुसत होत्या. दादांनी मान खाली घातली होती. दांडा तबकडीच्या मध्यापर्यंत जाऊन पोचला तरी कुणी हललं नाही.

"काकू," सून म्हणाली, "तुम्ही... तुम्ही आता गा ना. अजून गाऊ शकाल."

"नाही गं," काकू म्हणाल्या. "मी बघितलं गाऊन. दम राहिला नाही. तो वापरावा लागतो, नाहीतर जातो."

त्या खाली बसल्या. आत्तापर्यंत ताठ राहिलेला चेहरा एकदम विस्कटला.

"किती छान गायची हो मी," त्या काकांना म्हणाल्या. "किती छान गायची, आणि मी सोडून दिलं."

काकांनी चाक टेबलावर ठेवलं, काकूंच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. काकू मोठ्यानं रडत होत्या, आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही.